विहिरीकडच्या चार ओळी

मी जन्मजात भित्रा. आमच्या घरात ही गोष्ट फार खटकायची. वडील फौजेतून हवालदार होऊन आलेले, चुलते फौजेत, थोरला भाऊ भरतीत पहिल्या झटक्यात घेतलेला. मी भरतीच्या मैदानावर गेलो आणि पळायच्या आधीच पोटात कळ येऊन मागच्या मागं घरी परतलो. आठवडाभरानं मलकापूरच्या बाजूला एका शेतकी शाळेत वर्षभराचा माळीकामाचा वर्ग निघाल्याचं ऐकून वडिलांनी माझं नाव घालून टाकलं. "झाडं काय खात न्हाईत तुला," एवढंच म्हणाले.

झाडं खात नव्हती हे खरं, पण सर होते. सर कधी कुणाला मारत नसत, शिवी देत नसत. त्यांची रीत वेगळीच होती. हिरवळ करायची म्हणजे हरळीचे ठोंब वीत-वीत अंतरावर दोरीत लावायचे. एखादा ठोंब दोरीबाहेर गेला की सर वाकून तो उपटायचे, लावणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "धर." मग तास संपेपर्यंत तो ठोंब हातात धरून सगळ्यांसमोर उभं राहायचं. मेंदीचं कुंपण वाकडं कापलं, धर. गुलाबाचं कलम सैल बांधलं, धर. उन्हात मुळं सुकत जायची आणि धरणाऱ्याचा चेहराही. इतर पोरं संध्याकाळी त्याची नक्कल करून हसायची. मला हसू येत नसे. रोज सकाळी उठल्या-उठल्या माझ्या मनात पहिली गोष्ट यायची ती म्हणजे आज आपल्या हातात काय येणार.

आमचा वर्ग ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू झाला होता. त्यामुळं शाळेच्या छोट्या मांडवावर आम्ही पहिली शिकलो ती द्राक्षाची खरड छाटणी. एप्रिलातली. माल उतरला की वेल पार खरडून काढायचा, प्रत्येक काडीवर एकच डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, ठेवायचा, बाकी सगळं उडवायचं. दुसरा डोळा राहिला की सर काडी कापून हातात द्यायचे. त्या धाकानं मी असा काही चटपटीत झालो की पुढं-पुढं न बघता कात्री बरोबर जागी पडायची. "बरं आहे," सर एकदा म्हणाले. सगळ्या वर्षात त्यांनी मला बरं म्हटल्याचं तेवढंच आठवतं.

ऑक्टोबरची छाटणी वेगळी. ती फळासाठी असते. पावसाळ्यात वाढलेल्या काडीवर सहा-सात डोळे राखायचे, कारण घड वरच्या डोळ्यांतून येतो, बुडातल्या नाही. बागाइतदाराच्या घरातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण मी ज्वारी-भुईमुगाच्या गावातला. आणि सरांनी हे फळ्यावर काढून समजावलं तेव्हा मी हिवतापानं घरी घोंगडीत कुडकुडत होतो. दहा दिवसांनी परत आलो तो दुसऱ्याच दिवशी आम्हाला एकेकट्याला तासगावच्या बागांवर महिनाभर कामाला पाठवलं. मालकानं कागदावर शेरा लिहून सही केली तरच दाखला मिळणार होता. मागं काय झालं ते सरांना विचारायची भीती, पोरांना विचारायची लाज. छाटणी ती छाटणी, असं मनाला समजावलं आणि एस.टी.त बसलो.

माझ्या वाट्याला आलेल्या बागेचे मालक चाळिशीचे होते, सगळे त्यांना दादा म्हणत. मी पोचलो तेव्हा ते चपला घालूनच उभे होते. आटपाडीहून चुलत मेहुणा गेल्याचा सांगावा आला होता. रस्त्याकडच्या ओळी त्यांनी स्वतः छाटल्या होत्या, विहिरीकडच्या चार राहिल्या होत्या.

"छाटणी येती न्हवं?" त्यांनी विचारलं.

"येती," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

"मग त्या चार तुझ्या. मी तीन दिवसांत येतो." जाता-जाता ते आपल्या वडिलांकडं वळले. "आबा, तुमी कात्रीला हात लावायचा न्हाई. आधीच सांगतो."

आबा सत्तरीला टेकलेले होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला. त्या पट्ट्यात द्राक्षाचं वेड नवीन होतं तेव्हा पहिला मांडव त्यांनी घातला होता, दगडाचे खांब स्वतः वाहून आणून. आता त्यांचं काम म्हणजे गड्यांची भाकरी पोचवणं आणि पाखरं हाकणं. लेक बोलला तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण हात कमरेच्या जुन्या कात्रीवर होता.

माझं बिऱ्हाड विहिरीजवळच्या खोपटात होतं. तिथून उठायचं आणि समोरच्या ओळीला लागायचं. पहिल्या दिवशी मी अडीच ओळी संपवल्या. कात्री काय चालत होती! एक डोळा, खट्. एक डोळा, खट्. सर बघायला हवे होते, असं मला पहिल्यांदाच वाटलं. दुपारी आबा भाकरी घेऊन आले, थोडा वेळ बांधावर बसले आणि मग चौथ्या ओळीच्या तोंडाशी जाऊन वर हात करून उभे राहिले. बोटांनी काडी चाचपत, डोळे मोजत त्यांनी दहा-बारा वेल छाटले. "हात शिवशिवतात रं," म्हणाले. "दादाला बोलू नकोस." 

ते गेल्यावर मी त्यांची छाटणी बघितली. काड्या हात-हातभर लांब सोडलेल्या. मला कीव आली. म्हाताऱ्याला दिसत नाही, कुठंही कापतोय. आणि लगेच कीव जाऊन भीती आली. दादा येऊन बघतील, ही माझी ओळ, म्हणजे ही माझीच चूक. मी घाईघाईनं कात्री उचलली आणि आबांनी राखलेल्या काड्या एका-एका डोळ्यावर आणून ठेवल्या. 

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा चारही ओळी संपल्या होत्या. मीठ मागायला म्हणून मी बागेतून घराकडं निघालो, आणि पहिल्यांदाच रस्त्याकडच्या, दादांनी छाटलेल्या ओळींखालून गेलो.

सगळ्या काड्या लांब होत्या. सहा डोळे. सात डोळे. मी थांबलो. मग पळत शेजारच्या बागेच्या बांधावर गेलो. तिथंही लांब. त्याच्या पलीकडंही. आबांनी राखल्या होत्या तशाच.

परत येऊन मी विहिरीच्या काठावर बसलो. मग मी एक गोष्ट केली ती सांगायला आजही लाज वाटते. कापलेल्या काड्यांच्या ढिगातून एक काडी उचलली आणि वेलावरच्या बुडख्याला लावून बघितली. जशी काही चिकटणार होती. कापाला कापही जुळेना, कारण ती दुसऱ्याच कुठल्या वेलाची होती. चार ओळी म्हणजे एका घराच्या वर्षाच्या घासातला चांगला मोठा घास, हे मला कळत होतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या घराची काळजी नव्हती. डोळ्यांपुढं फक्त सर होते, आणि चार ओळींचे सगळे वेल उपटून ते माझ्या हातात देत होते.

तिसऱ्या दिवशी दादा आले, ते सरळ विहिरीकडंच. मी हातातली पाण्याची कळशी खाली ठेवायलाही विसरलो. ते मांडवाखाली एक ओळ चालले, परत आले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे कुणी केलं?"

बोलायला लागलो असतो तरी आवाज फुटला नसता, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेवढ्यात गोठ्याकडून दादांच्या बायको, वहिनी, आल्या होत्या. त्या पदर सावरत म्हणाल्या, "परवा मामंजी हितं कात्री घिऊन हुभं व्हतं. म्या बघितलं."

दादांनी आबांकडं बघितलं. आबा बांधावर बसले होते. 

"छाटलं व्हतं मी," आबा म्हणाले. "थोडं."

"थोडं? चार ओळी खरडून ठिवल्या!"

"दहा-बारा येल व्हते रं."

"दिसतंय का तुमाला? मोजलं का?" दादांचा आवाज चढला. मग ते माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता. पण ते म्हणाले, "ह्या पोराच्या ओळी नासल्या. हे शिकलेलं पोरगं, हे ऑक्टोबरात खरड छाटणी करंल व्हय?"

आबा उठले. मांडवाखाली येऊन त्यांनी एका बुडख्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होतो. आता ते म्हणणार, हा काप माझा न्हवं. अंगठा थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लगेच ओळखू आलं, कारण मी ते रोज सकाळी आरशात बघत होतो. म्हातारा घाबरला होता. आपण काय करतो ते आपल्यालाच आठवत नाही, या गोष्टीला घाबरला होता.

पुढचे पंधरा दिवस मी देवाला एवढंच मागत होतो की बुडातल्या डोळ्यांतून घड येऊ दे. घड आला की मीही सुटलो आणि आबाही सुटले. सकाळी तांबडं फुटताच मी मांडवाखाली असायचो. डोळे फुगले. फुटले. एक पान, दोन पानं, तीन. रस्त्याकडच्या ओळींत चौथ्या-पाचव्या पानासमोर घडाचा बारका हिरवा कोंब दिसायला लागला. माझ्या ओळींत त्याच जागी नुसते ताणे, दोऱ्यासारखे वाऱ्यावर हलणारे. चारही ओळींत मिळून मला दोन घड सापडले.

त्या दिवशी दादांनी आबांची कात्री काढून घेतली. भांडून नाही. नुसता हात पुढं केला आणि आबांनी कमरेची काढून दिली. संध्याकाळी आबा खोपटाशी आले आणि माझ्या शेजारी टेकले.

"माझं डोळं गेलं, अन् आता टकुरंबी गेलं," ते म्हणाले. "तुझ्या सरांस्नी सांग, पोराची चूक न्हाई, म्हाताऱ्यानं केलं. सांगशील न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय आबा."

आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन. एवढं नीच दुसरं नाही.

दादांनी कागदावर लिहिलं, काम चोख. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. माझ्या हातात दाखला आला तेव्हा त्यांनी "धर" म्हटलं, सहज.

त्या दाखल्यावर सांगलीत एका सरकारी बंगल्यावर माळ्याची नोकरी लागली. हिरवळ, मेंदी, गुलाबाचे वाफे. काम आवडायचं, पण दिवाळी जवळ आली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी एक दिवसाची रजा टाकली आणि तासगावची एस.टी. धरली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

आबा अंगणात सुतळी वळत बसले होते. बागेत छाटणी चालू होती, कात्र्यांचे आवाज ऐकू येत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि दम न घेता सगळं सांगून टाकलं. त्या चार ओळी मी छाटल्या. तुमी छाटलेलं बरोबर होतं. तुमच्या लांब काड्यासुद्धा मीच नंतर कापल्या.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लय गुणाचा हाईस," म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून इतक्या लांबनं आलास."

"आवं आबा, शपथ घिऊन सांगतो, मीच केलं!"

"ऱ्हाऊ दे रं. मला म्हाईत हाय मी काय केलं ते." ते स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "सूनबाई, च्या टाक. पोरगं सांगलीस्नं आलंय." मग माझ्याकडं झुकून आवाज खाली आणला. "अन् हे दादाम्होरं बोलू नगंस. त्येला खरं वाटंल, अन् कात्री पुन्यांदा माझ्या हातात दील. मला भ्या वाटतं आता."

माझ्या पिशवीत माझी कात्री होती. मला दुसरं काही सुचलं नाही, मी ती काढून त्यांच्यापुढं धरली. आबांनी सुतळी खाली टाकली आणि दोन्ही हात धोतराच्या सोग्यात लपवले.