भिंतीपलीकडचा लोकपाल

इतक्या उपयोगाच्या खुर्चीवर इतका निरुपयोगी माणूस बसलेला मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. हा आमचा लंडनमधल्या हॅरोचा शेजारी. सेमी-डिटॅच्ड घरं, मधली भिंत दोघांची, आणि त्या भिंतीपलीकडे हा आयरिश गृहस्थ एकटाच राहायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने राजकीय पत्रकारितेत घालवली. मंत्र्याला गाडीत बसता बसता गाठायचं आणि उत्तर मिळेपर्यंत एकच प्रश्न विचारत राहायचं, यासाठी म्हणे तो नावाजलेला होता. मग सरकारला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी त्यालाच लोकपाल केलं. म्हणजे हॉस्पिटलने किंवा एखाद्या सरकारी खात्याने अन्याय केला, तर दाद मागायची ती याच्या ऑफिसकडे. भारतात असताना लोकपाल हा शब्द मी फक्त पेपरात वाचला होता. इथे तो भिंतीपलीकडे राहत होता, आणि आपला कचऱ्याचा बिन सोमवारी बाहेर ठेवायचा की मंगळवारी, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पत्रकारितेची खोड गेली नव्हतीच. प्लंबर आला की हा त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा. "पाईप आज दुरुस्त होणार आहे का? हो की नाही?" प्लंबर बिचारा बॉयलरचं पुराण सुरू करायचा. "मी ते विचारलं नाही. हो की नाही?" भिंतीतून सगळं ऐकू यायचं, आणि माझे पती ऑफिसचा कॉल म्यूट करून ते ऐकत बसायचे. पण त्या जुन्या खोडीवर लोकपालपणाची नवी खोड बसली आणि मग त्याला धरबंदच राहिला नाही. कुठलीही गोष्ट सांगा, त्याचा एकच सवाल: "आणि दुसऱ्या बाजूचं काय म्हणणं आहे?" एकदा कोल्ह्याने, इथे ते रात्री गल्लीतून सर्रास फिरतात, आमची कचऱ्याची पिशवी फाडून सगळ्या ड्राइव्हवेवर माशाचे काटे पसरले. मी झाडू घेऊन बडबडत होते. हा कुंपणापाशी आला, पसाऱ्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाला, "पिशवी उघडी राहिली होती का, हे आधी बघायला हवं." मला त्या क्षणी त्याच्या अंगावर झाडू फेकावासा वाटला, हे मी लपवत नाही.

कुणाच्या उपकारात राहायचं नाही, हे त्याचं आणखी एक खूळ. सरकारी ऑफिसात मीटिंगला गेला तर खिशात स्वतःची टी-बॅग. गरम पाणी तेवढं त्यांचं घ्यायचा, आणि तेही मला वाटतं मनाविरुद्ध. आमच्या घरी मात्र तो चहा प्यायचा, कारण आम्ही सरकार नव्हतो. दर दिवाळीला आम्ही त्याला फराळाचा स्टीलचा डबा द्यायचो. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे माझ्या सासूबाईंनी त्याला पहिल्याच वर्षी खुणांनी शिकवलं होतं. तेव्हापासून डब्यातून त्याने स्वतः भाजलेला सोडा ब्रेड यायचा. तो दातांनी तोडता येत नसे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र तो चहात बुडवून संपवायच्या. म्हणायच्या, "पुरुषमाणूस एकटा राहून एवढं करतो, तर टाकायचं नाही."

मग एका उन्हाळ्यात माझे सासरे गेले. त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. त्या दुपारी आई त्यांच्यासाठी मुगाची खिचडी घेऊन गेल्या. वॉर्डमधल्या कुणीतरी त्यांना खालच्या मजल्यावर बसायला सांगितलं, "डॉक्टर तपासतायत, बोलावतो." आई खाली मांडीवर डबा घेऊन बसून राहिल्या. वर सासरे शेवटचे श्वास घेत होते आणि बोलवायला कुणी आलं नाही. त्या खालीच आहेत, हे सगळे विसरले. आम्ही तक्रार केली, तर उत्तर आलं की सर्व कार्यपद्धती पाळली गेली होती. आईंना पैसा नको होता, कुणाची नोकरी घालवायची नव्हती. "कुणीतरी माझ्यासमोर येऊन एवढंच म्हणू दे, की बाई, आमचं चुकलं," असं त्या म्हणायच्या.

प्रकरण लोकपालाच्या ऑफिसकडे गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आपला माणूस वर बसलाय, आता काळजी कसली! पुण्यात वाढलेल्या बाईला यापेक्षा वेगळं काय सुचणार? दिवाळीला मी डब्यात नेहमीपेक्षा जास्त बेसनाचे लाडू भरले, चकल्या वरपर्यंत रचल्या आणि त्याच्या दारात जाऊन, अगदी हसतमुखाने म्हणाले, "आमची केस तुमच्याकडे आलीय. जरा लक्ष असू द्या."

तो पांढराफटक पडला. डबा हातात तसाच. म्हणाला, "तुम्ही मला हे सांगायला नको होतं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या पायरीवर. भरलेला. एका चकलीचाही तुकडा मोडलेला नव्हता. आई तो डबा बघून खाली बसल्या. "भरला डबा परत केला?" एवढंच बोलल्या.

मी तणतणत त्याच्या दाराशी गेले. त्याने दार अर्धंच उघडलं. "ही केस मी माझ्या सहकारी बाईंकडे दिली आहे. त्यात काय आहे ते मला कळणार नाही, मी विचारणारही नाही. निकाल लागेपर्यंत आपण बोलू नये. हवामानाबद्दलसुद्धा नाही." आता इंग्लंडात हवामान काढून घेतलं तर शेजाऱ्याशी बोलायला उरतं काय?

सगळा हिवाळा हा माणूस आम्हाला टाळत राहिला. स्टेशनवर आम्ही दिसलो की प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जायचा. भर पावसात यांनी गाडी थांबवली तर हात हलवून नको म्हणाला आणि भिजत गेला.

"अगं, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होतो ना तो," हे म्हणाले.

"होऊ दे. आपल्या काय उपयोगाचा? असला माणूस शेजारी असण्यापेक्षा कोल्हा बरा."

मार्चमध्ये निकाल लागला. त्या सहकारी बाईंनी आमची तक्रार मान्य केली. हॉस्पिटलच्या एक वरिष्ठ अधिकारी घरी आल्या, आईंच्या समोर सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या की आमचं चुकलं, तुम्हाला वर बोलवायला हवं होतं. माझे पती भाषांतर करायला पुढे झाले. आईंनी हात वर केला. "नको. मला समजलं."

दोन दिवसांनी दारात लोकपाल. हातात सोडा ब्रेड. "प्रकरण बंद झालं, एवढंच मला ऑफिसात कळलं. काय झालं होतं ते मला माहीत नाही. आत येऊ का?"

"आता कशाला?" मी म्हणाले.

"आत घे गं त्यांना," आई मागून म्हणाल्या.

तो बसला आणि आई बोलू लागल्या. सगळं मराठीत. खिचडी, जिना, खालची खुर्ची, वर न आलेलं बोलावणं. मी मध्ये सांगायला गेले, तर त्याने नुसती मान हलवून मला थांबवलं. तो आईंच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्या दोन्ही हात मांडीवर धरून, डबा अजून तिथेच असल्यासारख्या बसल्या होत्या. बोलून झालं. मी वाट बघत होते, आता विचारेल, दुसऱ्या बाजूचं काय म्हणणं आहे. विचारू दे फक्त, मी दार दाखवणार होते.

त्याने काही विचारलं नाही. चष्मा काढून खिशात ठेवला आणि आईंचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी आईंनी भर मार्चमध्ये सोऱ्या काढला. पण त्याने चकलीला हात लावला नाही. म्हणाला, तुमची केस माझ्याच ऑफिसात झाली आणि मी अजून खुर्चीवर आहे, बरं दिसणार नाही. चहा मात्र प्यायला, आणि मला पुन्हा त्याचा राग आला.

गेल्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला आणि आयर्लंडला बहिणीच्या गावी राहायला गेला. आता पलीकडे एक शहाणं जोडपं राहतं. बिन वेळच्या वेळी बाहेर येतो, प्लंबरला कुणी प्रश्न विचारत नाही, भिंतीतून काहीच ऐकू येत नाही. मला ते आवडायला हवं होतं.

यंदा दिवाळीला आईंनी सवयीने तोच स्टीलचा डबा भरला, झाकण लावलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी म्हटलं, "काढून ठेवू का परत?"

"कशाला? पोस्टाने पाठव," आई म्हणाल्या. "आता घेतील ते."