पहिली पायली

रविवार, २१ नोव्हेंबर १९९९. सकाळी साडेदहा ते पावणेएक. आमच्या खळ्यावर मोजलेलं भात – तीनशे बारा पायल्या. हजर माणसं पाच – मी, माझी पत्नी सुनंदा, आई, शेजारचा काशिनाथ आणि मारिसेल. मारिसेल ही फिलिपिन्सची चोवीस वर्षांची मुलगी, आमच्या गावात इंग्रजी शिकवायला आलेली.

तारीख आणि आकडे आधी देतोय, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मला छातीठोक सांगता येईल असं एवढंच आहे.

माझी नोकरी भातसानगरला, धरणाच्या ऑफिसात. रोज सकाळी पाण्याची पातळी रजिस्टरात उतरवायची. पाणी जेवढं असेल तेवढंच लिहायचं, वाटतं तेवढं नाही. घरात देव्हारा नाही. वडिलांनी सत्तावन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले सगळे टाक नदीत सोडून आले. तेव्हापासून अंगात येणं, दृष्ट काढणं, बाहेरचं लागणं यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण ते ‘यात कुठे चुकलं असेल’ हे शोधायला. आता माझंच एक कोडं सुटत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव किन्हवलीपासून साडेतीन किलोमीटरवर. नाव देत नाही. त्या वर्षी फिलिपिन्समधल्या एका चर्चच्या गटातले पाच जण शहापूर-मुरबाड भागातल्या गावांत तीन महिन्यांसाठी राहायला आले होते. मारिसेल ४ सप्टेंबरला आमच्याकडे आली. आमचंच घर का, तर आतून कडी लागणारा संडास गावात तेव्हा दोनच घरी होता, आणि दुसऱ्या घरी म्हैस व्यायली होती.

संध्याकाळी पाच ते साडेसहा आमच्या पडवीवर वर्ग भरायचा. तेवीस मुलं. ती तिला ‘मारी टीचर’ म्हणायची. मी तिच्याशी अर्जाच्या इंग्रजीत बोलायचो – ‘काइंडली टेक टी’ वगैरे – आणि ती बिचारी न हसता चहा घ्यायची. उरलेल्या वेळी ती घरात नसायचीच. कधी बायकांबरोबर रानात, कधी एसटीने मुरबाडच्या बाजारात. बोंबील खायची, भाकरी थापायला बसायची आणि त्यावरून हसूनही घ्यायची. एकदा सुनंदा तांदूळ पाखडत होती, तर हिने सूप हातातून घेतलं आणि असं सफाईने पाखडलं की बायका बघतच राहिल्या. तिच्या घरीही भातशेती, तिच्या आईकडेही असंच सूप.

काशिनाथ म्हणाला, “तुज्याकडं भात हाय, सूप हाय, मग इंग्रजी कशाला शिकलीस गो?”

मी भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, “नोकरीसाठी.”

“म्हंजी आमच्यासारकंच की!” काशिनाथ म्हणाला, आणि त्या दिवसापासून ती गावाला परकी राहिली नाही.

आई तेव्हा घरी नव्हती. वैशाखऱ्याचे माझे मामा आजारी होते, म्हणून ती ऑगस्टच्या शेवटी तिकडे गेली होती. ती परत आली थेट दसऱ्याच्या दिवशी, विहारातल्या कार्यक्रमासाठी. म्हणजे १९ ऑक्टोबर. ही तारीख लक्षात ठेवा.

आईने मारिसेलला आधी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मला विचारलं, “धर्म बदलायला आलीय काय ही?”

“नाही गं, इंग्रजी शिकवायला.”

“मग ऱ्हाऊ दे. आमी एकदा बदलला तेवढा पुरे.”

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघींचं छान जमलं. आईचं वय शहात्तर, एका डोळ्याने दिसत नव्हतं. मारिसेल तिला सुईत दोरा ओवून द्यायची.

३१ ऑक्टोबर, रविवार. मी घरी होतो. पडवीवर वर्ग चालू होता आणि आई कडेला तांदूळ निवडत होती. मारिसेलने चिंचोक्यांचा ढीग केला होता आणि एका वाटीने ती मोजून दाखवत होती. तिने पहिली वाटी ओतली आणि म्हणाली, “हौसा!”

मुलं खिदळली. एक मुलगी उभी राहून म्हणाली, “टीचर, पयल्याला लाभ म्हंतात!”

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... मुलीचं बरोबर होतं.

मारिसेलने मान हलवली. मोडक्या मराठीत म्हणाली, “लाभ दुसऱ्या घरी. या घरात – हौसा.”

आईच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ जमिनीवर सांडले, तिचं लक्षही गेलं नाही.

हौसा माझी थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधीच, चार वर्षांची असताना तापाने गेली. तिचा फोटो नाही. शाळेच्या पटावर ती नाही, कुठल्या दाखल्यावर नाही. आई सांगायची की ती खळ्यावर वडिलांजवळ बसायची, भरलेल्या पायलीच्या काठावर हात ठेवायची, आणि ‘लाभ’ म्हणायचा मान तिचा असायचा. ती गेली त्या वर्षी वडिलांनी पायली उचलली आणि त्यांच्या तोंडून ‘लाभ’ निघेना. ते म्हणाले, “हौसा.” मग दरवर्षी तसंच. हौसा, दोन, तीन... तेसुद्धा इतकं हळू, की शेजारी पोत्याचं तोंड धरून बसलेल्या मलाच ऐकू यायचं. ती पायली ते बाजूला काढायचे आणि लहान लेकरं असलेल्या कुणाच्या तरी घरी देऊन टाकायचे.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात वडील गेले. त्या वर्षी प्रथमच मी मोजायला बसलो आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, “एक.” आई उफणत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि घरी निघून गेली. नंतर मी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं... आपण देव सोडले, नवस सोडले, आता मेलेल्या माणसाच्या नावाने भात मोजायचं ही अंधश्रद्धा आहे.  त्यानंतर ती कधी खळ्यावर आली नाही. पंधरा वर्षं.

त्या पंधरा वर्षांत हे नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सुनंदाला नवऱ्याची एक बहीण लहानपणी गेली एवढंच ठाऊक होतं, नाव नाही.

वर्ग सुटल्यावर मी मारिसेलला विचारलं, हा शब्द कुठून आला? तिला वाटलं तिचं काही चुकलं. तिने धावत जाऊन वही आणली. त्यात ती रोजचे नवे शब्द तारखेसह लिहायची. ९ सप्टेंबरच्या पानावर ‘पाणी’ आणि ‘एसटी’ यांच्या मध्ये इंग्रजीत लिहिलं होतं – ‘हौसा : मोजताना पहिलं माप. या घरात.’

९ सप्टेंबर. आई वैशाखऱ्याला होती.

“कोण म्हणालं?”

“सुनंदाताई. कणगीतून भात काढत होत्या, गिरणीत न्यायला. मी पोत्याचं तोंड धरलं होतं. पहिलं ओतताना म्हणाल्या; शेजारी ‘लाभ’ ऐकलं होतं, म्हणून ‘या घरात’ लिहिलं.”

सुनंदा आतून बाहेर आली. “मी? मी कधी मोजते? पोतं भरेस्तोवर टाकत ऱ्हाते.”

मारिसेल गोंधळली. म्हणाली, ताईंचं तोंड कणगीत होतं, आवाज अगदी कानाजवळ आला, म्हणून मला वाटलं त्याच बोलल्या.

“आवाज बाईचा होता की पुरुषाचा?”

ती म्हणाली, “नाही सांगता येत. पण... लहान मुलाला आपण ‘ये, माझ्याजवळ बस’ म्हणतो ना, तसा होता.”

हे मी आईला मराठीत सांगितलं.  शेवटी म्हणालो, “योगायोग असेल, आई.”

“आसंल,” आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तवा तू अंधश्रद्धा म्हनलास. तू शिकलेला, मी गप बसले. पन ती अंधश्रद्धा नव्हती रे. माझी पोर होती.”

तिने सांडलेले तांदूळ सुपात ओढायला घेतले.

“या साली मला खळ्यावर ने. काय म्हनायचं ते तू ठरव. मोजनारा तू.”

पुढचे तीन आठवडे मी दुसरा विचार केला नाही. पायलीवर हौसाचं नाव घ्यायचं, तर मारिसेलने ऐकलेला आवाज वडिलांचा होता, ते अजून कणगीजवळ आहेत, असं मी मानल्यासारखं होणार. आणि ‘एक’ म्हणालो तर... आईला आणखी किती खळी बघायला मिळणार होती? आणि आईच्या मागे ते नाव वडिलांच्या तोंडून ऐकलेला जगात मी एकटाच उरणार होतो. एकही रजिस्टर नाही जिथे ते सापडेल. ते लिहिलं जायचं ते फक्त वडिलांच्या मोजणीत, आणि ती नोंद मी खोडली होती.

२१ नोव्हेंबरला आईला धरून खळ्यावर आणलं. तिला दगडावर बसवलं. मारिसेल आपणहून पोत्याचं तोंड धरून बसली, जिथे मी लहानपणी बसायचो तिथेच. मी पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि तसाच थांबलो.

काशिनाथ ओरडला, “मोज की सायेब! धरनाचं पानी नाय ते, बघत बसल्यानं वाढाय!”

मी म्हणालो, “हौसा.”

मोठ्याने नाही. पण वडिलांपेक्षा मोठ्याने. भात सळसळत पोत्यात पडलं. मी दुसरी पायली भरली, पण पुढचा आकडा तोंडातून फुटेना. तेव्हा मागून दगडावरून आवाज आला.

“दोन. मोज ना रे पुढं, ऊन चढतंय.”

तीनशे बारापर्यंत आईच मोजत गेली. मी नुसता पायली भरत होतो. दर विसाला एक खडा ठेवत होतो, त्यामुळे आकडा तपासलेला आहे – पंधरा खडे आणि वर बारा. खडे पंधरा आणि चुकलेली वर्षंही पंधरा, हा मात्र निव्वळ योगायोग. त्याला मी अनुभव म्हणत नाही.

पण त्या खड्यांकडे बघूनच मी आईला म्हणालो, की बाबा गेल्यापासूनच्या सगळ्या पायल्या हौसाला देऊन टाकू. आई पहिल्यांदा हसली. “येवढं पोरगी कशी खाईल रे?” म्हणाली. आणि डोळ्याला पदर लावला.

शक्य तेवढं सगळं मी नंतर तपासलं. मामांना विचारलं. आई त्यांच्याकडून मधे एक दिवसही हलली नव्हती, आणि मारिसेल तोवर वैशाखऱ्याच्या बाजूला गेलेली नव्हती. काशिनाथ वडिलांच्या वेळी खळ्यावर असायचा, तो म्हणाला, “तुजा बा पयली पायली पुटपुटायचा. आमाला वाटायचं, लाभच म्हनतोय.” मारिसेलच्या भाषेत पहिल्याला ‘उना’ म्हणतात, म्हणजे तीही शक्यता गेली. मी झोपेत बोललो असेन का, हेही सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही झोपेत फक्त घोरता.”

कणगीच्या तोंडाशी मी स्वतः अनेकदा जाऊन उभा राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर, ऐकू यावं असं वाटायचं.

मारिसेल १ डिसेंबरला गेली. आईने एक मूठभर तांदूळ कापडात बांधून तिच्या पिशवीत घातले. विमानतळावर काढून घेतील, असं मी म्हणालो. आई म्हणाली, “घेऊ दे. त्यांची पोरं खातील.”

आई २००४ मध्ये गेली. आता पोत्याचं तोंड सुनंदा धरते आणि दुसऱ्या पायलीपासून तीच मोजते. पहिली मी म्हणतो.

राहिलेलं देणं असं फेडलं – १९८४ ते १९९८ च्या पंधरा पायल्या आणि १९९९ ची एक, मिळून सोळा पायल्या भात, गिरणीत भरडून आणलं. २२ ते ३० नोव्हेंबर, रोज वर्गानंतर आमच्या पडवीवर तेवीस मुलांच्या ताटांत गरम भात वाढला. वाढायला आई होती. दिलं हौसाला.