तुआनरावांची एकच भेट

प्लेनोहून निघालो तेव्हा ऊन असं, की गाडीच्या टपावर पापड भाजून निघाला असता. टेक्सासचा रस्ता इतका सरळ, की माझ्या मुलानं, मंदारनं, स्टिअरिंग नुसतं शोभेला धरलं होतं. मागे शेजारच्या लानवहिनी, मांडीवर भाताचा डबा. तो आत नेऊ देणार नाहीत, हे सांगून झालं होतं.

त्यांचे यजमान तुआनराव. लहानपणी बोटीतून व्हिएतनाम सोडलं, मलेशियातल्या छावणीत कुठला देश घेतोय याची वाट पाहिली. अमेरिकेनं घेतलं. तरुणपणी एका मारामारीपायी तुरुंग भोगला, वर हद्दपारीचा हुकूम. पण व्हिएतनाम परत घेईना, म्हणून सरकारनं सोडलं: वर्षातून एकदा हजेरी लावा, खुशाल राहा. आता धोरण फिरलं. यंदा हजेरीला गेले, ते तिथूनच आत. पुन्हा तीच वाट: व्हिएतनाम घेणार, की भलताच देश? विमानात बसवण्याआधी वहिनींना एकदा त्यांना बघायचं होतं.

डिटेन्शन सेंटर (तुरुंगच, फक्त तसं म्हणायचं नाही) ओसाड माळावर होतं.

"बाबा, मी व्हिसावर आहे. गेटच्या आत नको यार," मंदार म्हणाला.

आतल्या दारात पहारेकरी ओरडला, "तुआनची भेट! एका वेळी एकच!"

"तुम्ही आधी," वहिनी म्हणाल्या.

"छे, छे, तुम्ही."

"तुम्ही मोठे. पाहुणे." त्यांनी मला चक्क पुढे ढकललं. पाहुण्याला मागे ठेवायचं नाही, हे आपल्यासारखंच त्यांच्यातही. गेलो.

काचेपलीकडे तुआनराव. फोन उचलून एकच विचारलं, "लान कुठाय?"

"येतायत मागून."

बाहेर आलो तर पहारेकरी वहिनींना सांगत होता, "दिवसाला एकच भेट. झाली आजची."

भल्याभल्या ग्रामसभा हादरवणारा आवाज मी लावला. तो म्हणाला, "सर, नियम आहे."

परतताना वहिनी विचारत राहिल्या.

"जेवले होते?"

"पोटभर!"

"केस विंचरलेले?"

"भांग पाडलेला, नवरदेवासारखा."

"हसले?"

"तुमचं नाव काढताच."

जेवणाचं मी विचारलंच नव्हतं. केसांकडे लक्ष नव्हतं. हसले तर मुळीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांना हलवलंय. कुठे, कोणी सांगेना.

आता साताऱ्यात पोचलोय. माझ्या गोष्टीतलं निम्मं वजा करूनच तुम्ही ऐकता, ठाऊक आहे मला. पण इकडे यायला निघायच्या दिवशी घराच्या कुंपणापलीकडे वहिनी लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. भाषा मला कुठली कळायला! त्या हसून स्वतःच्या केसांत बोटानं भांग पाडून दाखवत होत्या.

त्यांनी काहीच वजा केलं नव्हतं.