इटलीचं नाटक, परीक्षक आबा

आमच्या नाट्यमंडळाचे किस्से लिहून ठेवायला हवेत, असं दरवेळी कोणीतरी म्हणतं. लिहीत कोणीच नाही. कारण एक लिहायला बसावं तर तेवढ्यात दुसरा घडतो! मंडळाने शेवटचं नाटक बसवलं त्याला आता बरीच वर्षं झाली, पण रविवारी संध्याकाळी आबांच्या पडवीत जमणं काही सुटलेलं नाही.

आबा म्हणजे आमचे एकेकाळचे गायक नट. त्यांची पदं ऐकायला राजापूरहून लोक एसटीने यायचे. पुढे ते नाट्यस्पर्धांचे परीक्षक झाले आणि ती सवय अंगात मुरली. एकदा बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, आमटीलासुद्धा त्यांनी शेरा दिला, "सुरुवात चांगली, शेवट घाईत उरकला."

काकूंनी दुसऱ्या दिवशी प्रयोगच रद्द केला!

*

मुक्ता ही आबांची नात. लहानपणापासून त्यांच्यापुढे बसून नाट्यपदं शिकली. मंडळ परत उभं राहील ते हिच्या गळ्यावर, असं आबा गावभर सांगत फिरायचे. आणि ही गेली इटलीला, ऑपेरा शिकायला! तेव्हापासून आबा तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तिचा फोन आला की उठतात आणि पोफळींना पाणी लावायला बागेत जातात.

"अहो, जुलै महिना आहे! बाहेर पाऊस कोसळतोय!" काकू एकदा ओरडल्या.

"मुळाशी पोचत नाही," आबा म्हणाले आणि छत्री घेऊन पंप चालू करायला गेले.

*

मध्यंतरी मुक्ताने माझ्या मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. तिच्या कॉलेजने केलेला विनोदी ऑपेरा, त्यात तिचं पहिलं मोठं काम. सोबत मेसेज, "काका, आबांना दाखवाल? शिव्या घातल्या तरी चालतील, पण काय म्हणाले ते कळवा. गप्प राहिले तर मात्र मला नाही सहन व्हायचं."

आता हे आबांना सांगणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. आबांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला.

"आजोबा म्हणून बघणार नाही," ते म्हणाले. "परीक्षण हवं असेल तर करतो."

*

रविवारी मी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावलं. समोर आबांची वेताची खुर्ची, मागे सतरंजीवर आम्ही. मी बटण दाबणार एवढ्यात बापू ओरडला, "थांब मेल्या! नारळ कुठाय?"

बापू म्हणजे आमचा ऑर्गनवाला. नारळ वाढवल्याशिवाय त्याने जन्मात पडदा वर जाऊ दिलेला नाही.

"अरे बापू, हा प्रयोग कधीच होऊन गेलाय!"

"तिकडे झाला असेल. आपल्याकडे आज आहे ना?"

काकूंनी नारळ दिला. बापूने तो टीव्हीपुढे वाढवला, पाणी शिंपडताना सेट-टॉप बॉक्सवरही चार थेंब गेले. तो बिचारा चालू राहिला.

*

गोष्ट समजायला काही अडचण आली नाही. एक पैसेवाला म्हातारा तरण्या मुलीशी लग्न करायला निघालाय आणि बाकीचे सगळे मिळून त्याला बनवताहेत.

"विषय आपलाच आहे की!" काकू म्हणाल्या.

मग म्हातारा चिडला आणि गाता गाता असा काही सुटला की श्वास कुठे घेतो तेच कळेना. काकू बघतच राहिल्या. "ह्याला मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात उभा करा गो बाई. चहा निवायच्या आत होडीभर बांगडा खपवील!"

*

मुलीच्या प्रियकराने एक पद झकास म्हटलं. बापूला राहवलं नाही. "वन्स मोअर!"

वन्स मोअर आला की द्यायचा, ही मंडळाची रीत. मी रिमोट घेऊन मागे गेलो आणि पद पुन्हा लावलं. आबांच्या कपाळावर आठी.

"दुसऱ्यांदाही तेच गायला. तीच जागा, तीच तान! वन्स मोअर घेतलास तर काही नवं द्यायला नको?"

"आबा, रेकॉर्डिंग आहे ते."

"म्हणून काय झालं? लोकांनी मागितलं ना?"

बापूला दया आली. सुधारायची संधी म्हणून त्याने आणखी एक वन्स मोअर दिला. नाही सुधारला! आबांनी त्याचे गुण कापले.

*

दुसऱ्या अंकात दार उघडून मोलकरीण आत आली. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला एप्रन. आमची मुक्ता! म्हाताऱ्याला वाकुल्या दाखवत तिने गायला सुरुवात केली. भाषा परकी, पण गळा तोच, ह्याच पडवीत तयार झालेला. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

आणि आबा उठले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. बापूने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता त्या पोरीला काय कळवायचं?

आबांनी खुर्ची उचलली, भिंतीला नेऊन लावली आणि सतरंजीवर काकूंच्या शेजारी येऊन मांडी घालून बसले.

"काय झालं हो?" काकूंनी घाबरत विचारलं.

"घरचं माणूस रंगमंचावर आलं की परीक्षकाने खुर्ची सोडायची असते," आबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "एवढ्या स्पर्धा बघितल्यात, तेवढंही ठाऊक नाही? आवाज वाढव रे!"