शीतल शेवटी काय म्हणाली

त्या सकाळी लाइट आली तेव्हा मी "आली गं बाई" असं म्हटलं होतं, हे मला पक्कं आठवतंय. आदल्या संध्याकाळी परतीच्या पावसानं आमच्या चौक गावापासून डोंगराच्या पायथ्याच्या गावांपर्यंत सगळीकडची लाइट घालवली होती. नवरात्र तोंडावर आलेलं, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसून राहिलेलं, आणि मी पायानं मशीन मारत एका ब्लाउजला बाह्या जोडत होते. अचानक शेजारच्या मशीनची मोटार सुरू झाली, पंखा फिरला, समोरच्या गॅरेजमधली पोरं ओरडली. सगळा बाजार खूश झाला. थोड्या वेळानं गॅरेजवाले भाऊ फोन कानाला लावूनच रस्ता ओलांडून आले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "तुमची मैत्रीण... फॉरेस्टवाली. डुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटली. गेली." रडू यायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "अहो पण लाइट नव्हती ना, मग चिकटली कशी?" माणूस गेल्यावर कुणी असं विचारतं का, असं मला नंतर दोघी-तिघींनी सुनावलं. पण शीतल असती तर तिनंही हेच विचारलं असतं, म्हणून मी काही मनाला लावून घेतलं नाही.

शीतल वनरक्षक होती. आमच्याकडच्या डोंगराच्या एका पट्ट्यातलं जंगल तिच्याकडे होतं. तोडणाऱ्यांना अडवायचं, शिकारीला पायबंद घालायचा, वणवा लागला की विझवायला धावायचं, आणि पायथ्याच्या शेतात रानडुकरं घुसली की पंचनाम्याला जायचं. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. मला चौकशा फार, हे सगळा चौक जाणतो. पण माझ्या चौकशा म्हणजे कुणाच्या सुनेचं काय चाललंय, इथपर्यंतच. शीतलच्या वेगळ्या. गांडूळ पावसातच का वर येतं, सरांच्या चष्म्याची एकच काडी का बांधलेली असते, बुद्धविहारातल्या मेणबत्त्या उरल्या की कुठे जातात... बाई कावायच्या, तिची आई कावायची. वडील लवकर गेले, आईनं दुसऱ्यांच्या शेतावर लावणी-कापणी करून हिला वाढवलं, आणि दमून घरी आलेल्या त्या बाईला ही दारातच पाच प्रश्न घालायची. मावशी (तिच्या आईला मी मावशीच म्हणते) म्हणायची, "अगं, मला आधी पाय तरी धुऊ दे." नोकरी लागली तेव्हा गणवेश घेऊन ती पहिली माझ्याकडे आली, कारण पँट पुरुषी मापाची होती आणि कमरेत दोन माणसं मावली असती. मी ती उसवून आत घेत होते आणि ही स्टुलावर बसून मला विचारत होती, की खाकीलाच खाकी का म्हणतात आणि खिशाला झाकण का असतं. म्हटलं, जंगलात जा आणि तिथल्या वाघाला विचार. तर म्हणाली, "आपल्याकडे वाघ नाय, बिबट्या हाय. आणि त्याला विचारायचं पुष्कळ हाय माझ्याकडं."

या विचारण्यानंच तिनं नोकरी केली. हिरूआजा म्हणून एक म्हातारा आहे, सशा-डुकरांसाठी फासे लावण्यात मुरलेला. आधीच्या साहेबांनी त्याला दमदाटी केली, पण तो कधी सापडला नाही. शीतल गेली आणि त्याच्या ओटीवर मांडी घालून बसली. मोटरसायकलची जुनी क्लच वायर तुम्ही कशी वळवता, गाठ कोणती, कुठल्या वाटेवर लावायचा हे कसं ओळखता, सशाचा फासा आणि डुकराचा फासा यात फरक काय? म्हाताऱ्याला आयुष्यात कुणी एवढ्या मन लावून काही विचारलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं, दोन फासे वळून दाखवले. दुसऱ्या दिवशी ही जाऊन त्याचे सगळेच्या सगळे फासे गोळा करून घेऊन आली. तो माझ्या दुकानात नातीचा फ्रॉक न्यायला आला तेव्हा कपाळाला हात लावून सांगत होता, "मीच शिकवलं आन् माझंच काढून नेलंन पोरीनं." पण रागावला नव्हता. मला राहून राहून नवल वाटायचं, की हिनं पकडलेली माणसंसुद्धा पुन्हा हिच्याशी बोलतात कशी? एकदा विचारलं तर म्हणाली, "मी दम द्यायला गेले तर ते गप्प बसतात. विचारलं की बोलतात. माणसाला गप्प बसवणं हे आमच्या कामाचंच नाय गं."

सगळेच काही असे बोलते झाले नव्हते, हे खरं. भात पोटरीला आलं की डुकरं डोंगरावरून उतरतात आणि एका फेरीत शेत लोळवून जातात. मग कुणीतरी वरच्या लाइनीवर आकडा टाकतं आणि शेताच्या भोवती उघडी तार फिरवतं. सकाळी उजाडायच्या आत आकडा काढायचा, अशी पद्धत. त्या तारेनं डुक्कर मरतं, कधी कुणाची गाय मरते. शीतल अशी तार दिसली की आधी वायरमनला फोन करायची आणि तो आल्याशिवाय हात लावायची नाही. यात ती कधी चुकली नाही. म्हणूनच मला सारखं वाटत होतं, त्या सकाळी असं काय झालं?

तुकड्या-तुकड्यांनी कळलं. फेरीवर असताना तिला बांधावरून गेलेली तार दिसली. वाऱ्यानं तिच्या खुंट्या पडल्या होत्या आणि तार थेट शाळेच्या पायवाटेवर आडवी झाली होती. फोनला रेंज नव्हती, पोरांची शाळेला जायची वेळ झालेली, आणि लाइट तर सगळ्या पट्ट्यातच गेलेली. तिनं तार गुंडाळायला घेतली. आणि लाइट आली. माणसं धावत पोचली तेव्हा ती वाटेच्या कडेला पडली होती... आणि आकडा काढलेला होता. म्हणजे लाइनीवर आकडा नव्हता, तार मेलेली होती; ती चिकटल्यावर कुणीतरी तो काढला होता. मी "आली गं बाई" म्हणाले तेव्हाच ती गेली. त्या गोष्टीला मी काय करू, मला कळत नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. भिवपुरीकडून, खालापूरकडून, वाड्या-वस्त्यांवरून माणसं आली. तिचं खातं आलं, साहेबलोक गणवेशात उभे राहिले, पंचशील झालं, भाषणं झाली. ज्या गावाच्या शिवारात ती गेली ते गाव तर झाडून आलं होतं. आणि मी, खोटं कशाला सांगू, सगळ्यांची तोंडं बघत होते. तार त्या गावातल्याच कुणाची तरी होती. पोलिसांनी विचारलं तर तीन-चार शेतांवरून गेलेली तार कुणाचीच नव्हती. कोण मान खाली घालतंय, कोण जास्तच रडतंय, हे मी टिपत होते. हिरूआजा एवढा हुंदके देत होता की मी मनातल्या मनात त्यालाच धरला. घरी येताना मावशीला म्हटलंही. तर ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू काय पोलीस हायस का? म्हाताऱ्याला रडू पण द्यायचं नाय?" फार लागलं मला ते, कारण बरोबर होतं.

मावशीला नाव नको होतं. तिला वेगळंच हवं होतं, आणि ते तिनं त्याच मांडवात सगळ्यांदेखत उभं राहून सांगितलं होतं. ही बाई चारचौघांत कधी बोललेली नाही. पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यानं आकडा काढला तो माझ्या पोरीजवळ होता. तिनं हाक मारली का, काय बोलली का, ते त्याला म्हाईत हाय. मला तेवढंच सांगा. माझं घर उघडं हाय." आणि बसली. मला तेव्हा कळलं की शीतलला ते विचारायचं वेड कुठून आलं होतं. आयुष्यभर जी बाई "आधी पाय तरी धुऊ दे" म्हणत आली, तिला आता एकाच प्रश्नानं झोप लागेना. मी रोज दुकान बंद करून तिच्याकडे जायचे. ती जेवताना मध्येच थांबायची. "मला हाक मारली असंल का गं तिनं? घाबरली की 'आये' म्हणायची ती..." जो सांगू शकत होता त्यानं तोंड उघडलं असतं तर तो अडकला असता, आणि त्यानं ते उघडलं नाही तर ही बाई अशीच झिजणार होती. गावाची भातं कापून झाली, दिवाळी कशीबशी गेली. कुणी आलं नाही.

मग एका दुपारी, मी मावशीच्या उंबऱ्यात बसून तिच्या साडीला फॉल लावत होते, तेव्हा बाळाराम आला. त्याच पायथ्याच्या गावचा, चाळिशीचा, तोंडओळखीचा माणूस. चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून खालीच बसला. मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला कळलं. मलाही. मी फॉल बाजूला ठेवला.

"मावशे, तार माजी," तो म्हणाला. "लाइट नव्हती, तरी उजाडलं म्हनून मी आकडा काढायलाच चाललो होतो. खांबाकडंच. ती बांधावर दिसली. गेल्या साली तिनं माजी तार काढून मला समद्या गावाम्होरं बोलली होती, तो राग होता मला. मी तोंड फिरवून चालायला लागलो. तिनं लांबूनच आवाज दिलान..."

"काय म्हणाली?" मावशी म्हणाली.

"'बाळाराम, चहा झाला का रं?' असं म्हनाली. हसत. मी उत्तर नाय दिलं. मंग तिनं तार उचलली, मला वाटलं, न्यायची तर नेऊ दे. आन् लाइट आली. वरडली नाय, मावशे. वेळच नाय मिळाला. मी धावत जाऊन आकडा पाडला, पन..."

मावशीच्या डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मग तिनं विचारलं, "झाला होता का?"

"काय?"

"चहा. तिनं विचारलेलं."

"नाय," तो म्हणाला. "नाय झाला. आकडा काढायचा ऱ्हायला होता, म्हनून तसाच आलो होतो."

"हेच बोलायचं होतंस रं," मावशी म्हणाली. "एवढंच. 'नाय झाला, आकडा काढायचाय.' तिनं तार टाकून दिली असती."

तो तिथंच पडून रडला. लहान पोरं रडतात तसा, नाकातोंडातून. मीही रडले. मावशी उठली, गॅस पेटवला आणि तीन कप चहा ठेवला. त्याच्या हातात कप देत ती म्हणाली, "पी. आणि मग ठाण्यात जा. मी कोणाला नाव सांगणार नाय. तुझं तुला सांगायचंय." त्यानं चहा प्यायला, मोरीत कप विसळून पालथा घातला आणि गेला. संध्याकाळी गॅरेजवाले भाऊ सांगत आले, बाळाराम स्वतः जाऊन हजर झाला, बरोबर सरपंच होते आणि हिरूआजा होता. मी मावशीला सांगायला गेले, तर ती गाढ झोपली होती.

पुढे कोर्टात काय व्हायचं ते होईल. मला बाळारामचा राग आहे, तो जाणार नाही, आणि तरी त्या दुपारचं त्याचं रडणंही डोळ्यांसमोरून हलत नाही. पण माझं एक झालंय. ब्लाउजचं माप घेताना किंवा बाही बेतताना माझ्या तोंडात टाचण्या असतात. आधी कुणी दारातून जाता जाता "काय, चहा झाला का?" म्हटलं, तर मी नुसती मान हलवायची, किंवा ऐकलंच नाही असं दाखवायची. आता मी हातातलं कापड खाली ठेवते, टाचण्या एकेक करून काढते, आणि झाला असेल तर झाला, नसेल तर नाही, असं तोंड उघडून सांगते.