टाकी भरतेय आणि पाणी उतरतंय

आमच्या चाळीत पाणी सगळ्यात शेवटी यायचं, आणि ते सोडणारा माणूस माझा बाप होता.

डोंबिवलीत पूर्वेला आमची चाळ लाइनच्या अगदी टोकाला. बाबा व्हॉल्व्हमन, ठेकेदाराकडचे. खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. ह्या गल्लीला नऊ आटे, त्या सोसायटीला साडेसहा. सगळं डोक्यात. कागदावर काही नाही, कारण कागदाशी त्यांचं जमायचं नाही. चौथीनंतर त्यांनी शाळा पाहिलेली नव्हती.

आमच्या नळाला करंगळीएवढी धार. दोन हंडे भरेपर्यंत पाणी गेलेलं असायचं. तरी चाळीतल्या बायका आईलाच बोलायच्या. "नवऱ्याच्या हातात चावी, नि तुझ्या हंड्याला तळ दिसतो? कुणाला सांगतेस गं!" आई वाद घालायची नाही. हंडा उचलून त्यांच्यासमोर उपडा करायची आणि आत यायची. मी एकदा बाबांना म्हटलं, आपल्या लाइनला एक आटा जास्त फिरवा ना, कोणाला कळतंय. ते म्हणाले, "तो आटा कुणाच्या तरी हंड्यातला असतो, बाय."

ठेकेदार बदलला की बाबांना महिनोन्‌महिने काम नसायचं. आई एरवी दोन घरी पोळ्या करायची, तेव्हा चार घरी करायची. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आम्ही कोणापुढे हात पसरला नाही, एवढं सांगून पुढे जाते. पण मी कॉलेजात कुठून आले हे ठाऊक नसेल, तर तिथे मला जो राग आला तो समजायचा नाही. घरी एक-एक आटा मोजणारा माणूस होता. कॉलेजात कोणी काहीच मोजत नव्हतं.

ठाण्याला बीएस्सीला गेले, गणित घेऊन. घरातली पहिलीच. पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर लिमिटची व्याख्या लिहिली, आमच्याकडे पाठ करून. एप्सिलॉन, डेल्टा, बाण, कंस. मग वळून म्हणाले, "हे समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पाठ करा. व्याख्येला मार्क आहेत." वर्ग हसला. मीही हसले, कारण सगळे हसत होते. ते हसणं मला आजही खटकतं.

आता जर्नलचं सांगते. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण आमच्या गणितालाही प्रॅक्टिकल असतं. गणितं सोडवून ती जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायची, सरांनी प्रत्येक पानावर सही करायची. शेवटच्या पानावर प्रमाणपत्र, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सवाला होता. त्याला फक्त "पहिलं सेम, कॅल्क्युलस" म्हणायचं, तो मान वर न करता गठ्ठा काढून द्यायचा. कुठल्या तरी जुन्या हुशार मुलाचं जर्नल, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. सगळी मुलं ती उतरवायची. सरांना माहीत होतं. सर त्यावर सह्या करायचे. मुलांनी झेरॉक्स उतरवायची, सरांनी सही उतरवायची.

त्यात टाकीचं एक गणित होतं. उलट्या शंकूसारखी टाकी, वर रुंद, खाली निमुळती. वरून एकसारख्या वेगाने पाणी पडतंय. पाणी अमुक उंचीवर आलं असताना पातळी किती वेगाने वाढते, ते काढा. उत्तराआधी उणे चिन्ह होतं. मायनस. म्हणजे टाकीत पाणी पडतंय आणि पातळी खाली चाललीय.

मी तेवढं एक गणित स्वतः केलं, कारण पाण्याचं होतं. माझं उत्तर अधिक आलं. तोंडी परीक्षेला सरांनी माझं जर्नल उघडलं आणि बोट ठेवलं.

"प्लस? बाकी सगळ्यांचं मायनस आहे."

"सर, टाकी भरतेय."

"सकाळपासून जर्नलच बघतोय मी. सगळे चूक आणि तू एकटी बरोबर का?"

"सर, पाणी पडतंय त्यात. कमी कसं होईल?"

"सूत्र सांग." सूत्र मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही, मार्क कापले आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी बाबा चेंबरमधून आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मी चिडून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाय धुतले, मग विचारलं, "टाकी भरत्येय नि पानी उतरतंय?"

"हो."

"मग कुठंतरी लीक आहे. तुझ्या सरांना सांग, आधी लीक शोधा."

आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "सरांच्या डोक्यात बघा म्हणावं." त्या दिवशी घरात हसणं झालं ते तेवढंच.

नंतर एमएस्सी झाले, लेक्चरर व्हायची परीक्षाही पास झाले आणि त्याच कॉलेजात तासिकेवर लागले. तासिकेवर म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच, दर वर्षी मुलाखत, दर वर्षी "बघू". बाबांसारखीच मी ठेक्यावर. तेच सर आता विभागप्रमुख होते. आणि पहिल्याच महिन्यात माझ्या टेबलावर सहीला जर्नलांचा ढीग आला, त्यातलं वरचं उघडलं तर टाकीचं उत्तर मायनस. मधल्या वर्षांत कितीतरी मुलं पास होऊन गेली, नोकरीला लागली, काही शिक्षकही झाली. टाकी मात्र अजून उतरतच होती.

मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात जुनं कोणतं? त्याने माळ्यावरून एक पिवळा गठ्ठा काढून दिला. त्यातल्या त्या पानाला घडी पडलेली होती. घडीची काळी रेघ पान ओलांडून जात होती आणि नेमकी उत्तराच्या आधी गडद झाली होती. कोणीतरी ती उतरवताना चिन्ह समजून उतरवली. पुढच्याने त्याचं उतरवलं. एका कागदाच्या घडीवर आमच्या विभागाने इतकी वर्षं सह्या केल्या होत्या.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, तू माझी विद्यार्थिनी. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. दोन मार्कांचा प्रश्न आहे."

त्याच सुमारास नवीन अभ्यासक्रम आला. पेपरांची नावं बदलली, मार्कांना क्रेडिट म्हणायला लागले. सभागृहात कार्यशाळा झाली: गणिताचं शिक्षण विद्यार्थीकेंद्री कसं करावं. बोलायला आमचेच सर. स्लाइडवर हसऱ्या मुलांचं चित्र. चहा-बिस्किटं, सामूहिक फोटो. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला कळत होतं की ह्या लोकांना सुधारणा ही गोष्ट फोटो काढण्याएवढीच लागते.

मग मी माझ्यापुरतं ठरवलं. घरातलं रॉकेलचं मोठं नरसाळं आणलं, खालचं तोंड बुचाने बंद केलं, आत आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवली. मेडिकलमधून सलाइनची नळी आणली, तिच्या चाकाने धार एकसारखी ठेवता येते. प्रॅक्टिकलच्या तासाला मुलांना म्हटलं, जर्नल बंद, मोबाइल काढा, दर वीस सेकंदांनी पातळी लिहा.

सुरुवातीला टवाळी झाली. "मॅडम, पेशंट कुठाय?" मग हळूहळू आवाज कमी झाला. पाणी सुरुवातीला झरझर चढलं, मग मंदावलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "धार तर तेवढीच आहे, मग हे दमलं का?"

"वर जागा रुंद आहे ना, येड्या," त्याच्या शेजारची म्हणाली.

त्या दोन वाक्यांत अख्खं प्रकरण होतं. मी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहिला. कोणाला तो पाठ करावा लागला नाही.

सर दारात येऊन उभे राहिले होते. "मॅडम, ही बालवाडी आहे का?" मुलांसमोर. मी म्हटलं, "नाही सर, बालवाडीत मुलं स्वतः करून बघतात. इथे आत्ताच सुरू झालंय." हे बोलायला नको होतं असं मला नंतर अनेकांनी सांगितलं. मला अजून तसं वाटत नाही.

सत्र संपताना सह्यांची वेळ आली. मी जाहीर केलं, उतरवलेल्या जर्नलवर मी सही करणार नाही. टाकीचं गणित माझ्यासमोर, आपण मोजलेले आकडे घेऊन करा, मी लगेच सही करते. सही नाही तर परीक्षा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं की जूनच्या मुलाखतीत मला तास द्यायचे की नाही, ते सरच ठरवणार.

वर्तकनगरची एक मुलगी स्टाफरूमच्या बाहेर मला अडवून उभी राहिली. हुशार, तोंडाने फटकळ. "मॅडम, तत्त्व तुमचं, वर्ष आमचं. बाबांनी मला सांगितलंय, ह्या वर्षी राहिलीस तर घरी बस. तुम्हाला काय?"

ती म्हणाली ते खोटं नव्हतं. मी तिला म्हटलं, "आत ये, आत्ता बस, आत्ता कर. वाटेल तेवढा वेळ घे." ती रागाने बसली. तीनदा चुकली. चौथ्यांदा तिचं उत्तर आलं, अधिक. तिने पेन ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आम्ही इतके दिवस काय लिहीत होतो?" मी सही केली. त्या आठवड्यात एक-एक करत सगळी येऊन बसली. एकाचंही वर्ष मी घालवलं नाही.

पण बातमी वर गेली होती. विभागाची बैठक बोलावली. सर म्हणाले, मॅडम मुलांना वेठीला धरतात, अभ्यासक्रम मागे पडतो, सहकाऱ्यांच्या सह्यांवर संशय घेतात. मी उठले आणि खडू त्यांच्यापुढे धरला. "सर, ते एक गणित फळ्यावर करा. मायनस आलं तर मी आजच राजीनामा देते."

सर उठले. मला वाटलं होतं ते टाळतील. नाही टाळलं. स्वच्छ अक्षरात, एकही पायरी न चुकता त्यांनी पाच मिनिटांत ते गणित सोडवलं. उत्तर अधिक आलं. त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या, हात झटकले आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढचा विषय."

सरांना गणित येत होतं. हेच मला माफ करता येत नाही. येत नसतं तर दया आली असती. येत होतं, आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणासाठी त्यांनी ती पाच मिनिटं काढली नव्हती.

जूनमध्ये मला तास मिळाले नाहीत. मुलाखतीचं पत्रच आलं नाही. काम जाणं आमच्या घराला नवीन नव्हतं. आईने फक्त विचारलं, "सही केली असतीस तर मिळाले असते?" मी हो म्हटलं. "मग बरं झालं," ती म्हणाली आणि तवा ठेवला.

कल्याणच्या एका कॉलेजात जागा रिकामी होती. मुलाखतीत मी आधीच सांगितलं की मी उतरवलेल्या जर्नलवर सही करत नाही. प्राचार्य हसले. त्यांना दुसरं कोणी मिळत नव्हतं, हे मला नंतर कळलं. तिथेही सुरुवातीला दोन वर्षं कुरकुर झाली, पालक आले, एका सहकाऱ्याने माझं नाव नरसाळेबाई ठेवलं. ते नाव अजून आहे. असू दे.

मधे वर्तकनगरची ती मुलगी भेटली. म्हणाली, "मॅडम, आपल्या कॉलेजात सुधारणा झाली. झेरॉक्समध्ये आता प्लस आहे. सगळे प्लस उतरवतात." दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो, पण माझं हसू लवकर आटलं.

बाबांनी काम सोडलंय. चावी ठेकेदाराची होती, ती परत गेली. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे लीक तसंच आहे."

"तिकडचं आहे. इकडचं बंद केलं."

तेवढं खरं आहे. कल्याणच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला तयार जर्नल चालत नाही. प्रत्येक जण स्वतः मोजलेले आकडे लिहितो. चुकले तर चुकलेले लिहितो आणि का चुकले ते खाली लिहितो. आम्ही वाचतो, आणि मग सही करतो.