डॉक्टरांनी धरून ठेवलेली मान

डॉ. सावळे यांचा आणि माझा पहिला परिचय झाला, तेव्हा मी औंढ्याच्या रस्त्यावर उताणी पडले होते आणि ते मला गप्प राहायला सांगत होते. उभा जन्म मुलींना इंग्रजी शिकवलेल्या बाईला असे सांगण्याची हिंमत तोवर हिंगोलीत कुणी केली नव्हती. डॉक्टर आता साठ वर्षांचे होत आहेत. गौरव समितीने मला सौम्य लिहा असे बजावले आहे. प्रयत्न करते.

माझा धाकटा भाऊ सुरेश स्कूटर चालवत होता. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते. पांढरे पट्टे न मारलेला गतिरोधक त्याला दिसला नाही. तो कुणी बांधला याची मी पुढे चौकशी केली, तेव्हा सर्व संबंधितांचे मत पडले की तो आपोआपच आला असावा.

आपल्याकडे माणूस पडला की आधी त्याला उठवून बसवतात, मग पाणी पाजतात आणि शेवटी विचारतात, कुठं लागलं? माझ्याभोवतीही गर्दी जमली. एक जण पाणी घेऊन आला, दुसरा चप्पल हुंगवायला निघाला. सुरेशने तर माझ्या काखेत हातही घातले होते. तेवढ्यात मागच्या गाडीतून डॉक्टर उतरले, माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझे डोके धरले.

"कुणी हात लावायचा न्हाई. मानेचं हाड मोडलं असंल तर नुसतं उठवल्यानं बाई जन्माच्या लुळ्या होतील. बाई, बोटं हलवा."

"कोणती?"

"पायाची. मान हलवू नका, हो म्हणायलासुद्धा."

"मी कुठं हो म्हटलंय?"

"मग बराबर. आता बोलू बी नका."

मदत केल्याशिवाय आपल्या गर्दीला चैन पडत नाही, हे डॉक्टरांना पक्के ठाऊक. त्यांनी पाणीवाल्याला वाहने अडवायला लावले आणि चप्पलवाल्याला माझ्यावर सावली धरायला. माझ्याजवळ बहिणीसाठी घेतलेल्या हळदीच्या दोन पिशव्या होत्या. मान हलू नये म्हणून त्या त्यांनी सुरेशकडून माझ्या दोन्ही कानांशी टेकवून घेतल्या. त्यातली एक फुटली. रुग्णवाहिका येईपर्यंत डॉक्टरांनी हात काढले नाहीत. दवाखान्यात पोचल्यावर नर्सने मला पाहून विचारले, "कावीळ कधीपासून आहे?"

मानेच्या मणक्याला तडा गेला होता, पण तो जागचा हलला नव्हता. हलला असता तर माझे हातपाय गेले असते. गळ्यात पट्टा घालून मला कित्येक आठवडे पाठीवर झोपवले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना जे शाळेच्या सगळ्या वर्षांत साधले नाही, ते या पट्ट्याने एका दिवसात साधले. माझी मान सरळ राहिली.

त्यातच सुरेशने डोंगरकडा गावाहून मान बसवणारे एक वृद्ध गृहस्थ आणले. "अक्का, एका झटक्यात मोकळी होशील," तो म्हणाला. गृहस्थ हातांना तेल चोळत होते, तोच डॉक्टर आले. आता चांगली खरडपट्टी ऐकायला मिळणार म्हणून मी कान टवकारले. माझी निराशा झाली. डॉक्टरांनी त्यांना मामा म्हणून खुर्ची दिली आणि एक्स-रे खिडकीशी धरला.

"मामा, ही भेग दिसून राहिली का? हिला झटका दिला तर काय होईल?"

मामा बराच वेळ बघत राहिले. "बाई जातीय की," ते म्हणाले.

"मग असं करा. तुमच्याकडं असा पडलेला माणूस आला की हात न लावता मला फोन करा."

मामा चहा पिऊन, आमच्या चांगल्या टॉवेलला तेल पुसून गेले. मात्र शब्दाला जागले. हल्ली रस्त्यावर पडलेल्याला कुणी उठवू लागले, तर मामा डॉक्टरांपेक्षा मोठ्याने ओरडतात.

आणखी एक गोष्ट फक्त डॉक्टरांच्या लक्षात आली होती. सुरेश रोज यायचा, पण पलंगाच्या डावीकडे, भिंतीशी उभा राहायचा. मला वळता येत नसल्याने त्याचा नुसता आवाज यायचा. समोर ये म्हटले की याला औषध आणायचे सुचे. भाऊ मला टाळतोय असे वाटून मी त्याला वाटेल ते बोलत असे.

पट्टा काढला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, आता हळूच डावीकडं बघा."

मी मान वळवली. सुरेश तिथेच होता. निसटून जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी त्याचे मनगट धरून ठेवले होते. तो वाळला होता, दाढी वाढली होती.

"अक्का, माझ्या हातून झालं," तो म्हणाला.

"झालं. आणि मी बघतेय ना तुझ्याकडं? जा, दाढी करून ये."

तो हसला की रडला ते सांगत नाही, घरातली गोष्ट आहे. डॉक्टर मात्र खिडकीबाहेर बघू लागले.

डॉ. सावळे यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि ते जिकडे मान वळवतील तिकडे त्यांना आपले माणूस उभे असलेले दिसो.